नापास झाल्याचे पेढे

"बाई, माले हाई येत नही. जरा दखाडा."

मला हे येत नाही, जरा दाखवा. एवढं बोलून नाना चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि समोरच्याकडे असं बघायचे, की समोरच्याला स्वतःबद्दल उगाच बरं वाटावं. चष्मा का काढता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चष्मा घातला की मी साहेब दिसतो. साहेबाला कोणी काही शिकवत नाही."

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला आमची कॉलनी आहे. तिथे घराच्या पुढच्या खोलीत मी गाणं आणि पेटी शिकवते. सतरंजीवर सात-आठ मुलं, मधे दोन पेट्या, आणि बाहेर त्यांच्या चपलांचा ढीग. एका संध्याकाळी त्या ढिगाच्या कडेला चांगल्या पॉलिश केलेल्या, नीट जोडून ठेवलेल्या मोठ्या चपला दिसल्या. मला वाटलं कोणाचे तरी आजोबा घ्यायला आलेत. आजोबा आत येऊन मुलांच्या रांगेत शेवटी बसले. गुडघ्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"तुमचा नातू कोणता?" मी विचारलं.

"नातू पुण्याला शे. मीच शिकाले उनू." शिकायला मीच आलोय.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे. सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणीच्या कामावर. दुसऱ्यांनी केलेलं काम बरोबर आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या कॉलनीत घर बांधलं. त्यांचा मुलगा पहिल्यांदा मला भेटला तेव्हा दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ज्यांना शिकवता ते माझे वडील नाहीत. माझे वडील वेगळे होते. माझ्या प्रगतिपुस्तकात नव्वद गुण दिसले की ते बाकीचे दहा कुठे गेले ते विचारायचे."

हे मी नानांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "खरं शे. फक्त गुणांचंच नाही. अक्काच्या भाजीचंबी तेच. मीठ बरोबर असलं तर मी गप जेवायचो. चुकलं तरच तोंड उघडायचो."

अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी कॉलनी तिला अक्काच म्हणायची.

मग हा माणूस बदलला कधी? त्याचं उत्तर त्यांनी मला एकदा क्लास संपल्यावर दिलं. निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या एकाने त्यांच्यावर भाषण केलं. नानांनी इतक्या वर्षांत एकही चूक केली नाही, असं तो म्हणाला. टाळ्या झाल्या, हार पडला. नाना हार घेऊन घरी आले आणि विचारात पडले.

"बाई, एकही चूक नाही म्हणजे काय झालं? म्हणजे मी नवीन काही केलंच नाही. जे येत होतं तेच करत बसलो. आणि जे येत नव्हतं, ते करणाऱ्याच्या चुका काढत बसलो."

त्यानंतर त्यांनी ठरवलं, की आता जे येत नाही तेच करायचं. आणि ते त्यांनी मनावर घेतलं. कारखान्याच्या माणसाने मनावर घेणं म्हणजे काय, ते तुम्ही वरणगाव-भुसावळकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको.

आता एक स्पष्ट सांगते. असल्या गोष्टींमध्ये म्हातारा माणूस शिकायला लागतो आणि बघता बघता तरबेज होतो. आमच्या नानांचं तसं काही झालं नाही. त्यांना काहीच आलं नाही.

पेटीवर त्यांची बोटं अडखळायची, आणि गळ्यातला 'सा' तर काही सापडायचा नाही. मी सूर धरून ठेवायचे, मुलं धरून ठेवायची, आणि नाना डोळे मिटून अगदी मनापासून भलतीकडेच जायचे.

"नाना, हा सा नाही."

"मंग काय शे?"

मी विचार करायचे. "काय आहे ते मलाही सांगता येणार नाही."

मुलं पोट धरून हसायची, नाना त्यांच्यात सामील व्हायचे आणि पुन्हा सुरुवात. बाजूला बसणारी चौथीतली एक मुलगी त्यांची बोटं धरून योग्य पट्टीवर ठेवायची. तिला ते 'मोठ्या बाई' म्हणायचे आणि मला नुसतं 'बाई'.

त्याच दिवसांत त्यांचं उर्दू चाललं होतं. कॉलनीच्या तोंडाशी एका चाचांचं शिंप्याचं दुकान आहे. नाना दुपारी तिथे जाऊन बसायचे आणि कापडावर रेघा मारायच्या खडूने पाटीवर अक्षरं काढायचे. एक दिवस चाचांनी शिवण थांबवलं आणि पाटी हातात घेऊन म्हणाले, "नाना, ये आपने क्या लिखा?"

"माझं नाव. नाना."

"नुक्ता ऊपर देना था, आपने नीचे दिया. ये तो 'बाबा' हो गया."

नानांना इतका आनंद झाला, की ते पाटी घेऊन माझ्याकडे आले. "बाई, बघा. टिंबं खाली सरकली आणि नानाचा बाबा झाला!" चूक सापडली की पूर्वी ते लाल शिक्का मारत असावेत. आता चूक सापडली की ती घरोघर दाखवत फिरत.

भरिताची गोष्ट तर कॉलनीत अजून निघते. थंडी पडली, बामणोदची मोठी हिरवी वांगी बाजारात आली, आणि नानांनी जाहीर केलं की यंदा भरीत मी करणार. तुरीच्या काड्या आणल्या, गच्चीवर आग केली, वांगी टाकली. धूर थेट शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. चार घरच्या बायका दोरीकडे धावल्या. वांग्यांना आधी टोचायचं असतं हे नानांना माहीत नव्हतं. एक वांगं फटाक्यासारखं फुटलं आणि अर्धं नानांच्या बनियनवर आलं.

अक्का खाली ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती तिच्या खणखणीत आवाजात साऱ्या गल्लीला म्हणाली, "येडा व्हई गया हाऊ माणूस! या वयमा लोके देव देव करतस, हाऊ सारेगम करस आनि वांगा फोडस!"

अक्काचं बोलणं ही आमच्या कॉलनीची करमणूक होती. तिच्या तोंडी अहिराणी अशी वाहायची, की तिच्या शिव्यासुद्धा कोणी मनाला लावून घ्यायचं नाही. भाजीवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी तिचं दहा मिनिटं बोलणं व्हायचं. नाना घरात गप्प राहायचे, कारण बोलायला जागाच नसायची.

मग पेटीची परीक्षा आली. केंद्र धुळ्याला होतं. मी नानांना म्हटलं, परीक्षेचं काही बंधन नाही, तुम्ही नका बसू. ते म्हणाले, "बसणार. मी फक्त परीक्षा घेतल्या आहेत. एक देऊन बघू द्या."

मुलांना घेऊन आम्ही एसटीने निघालो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा नानांनी सगळ्यांना चिवडा घेऊन दिला, पण स्वतः खाल्ला नाही. हॉलच्या दारात परीक्षक म्हणाले, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं."

"पालक नाही. परीक्षार्थी," नाना म्हणाले आणि आत जाऊन चौथीतल्या त्या मुलीच्या शेजारी बसले.

निकाल लागला. सगळी मुलं पास. नाना नापास.

मला वाईट वाटलं. त्यांना कसं सांगावं याचा विचार करत मी त्यांच्या घराकडे निघाले, तर तेच समोरून येत होते. हातात पेढ्यांचा पुडा. निकाल त्यांनी मोबाईलवर आधीच बघितला होता.

"घ्या बाई. तोंड गोड करा."

मागून अक्काचा आवाज आला, "कसाना पेढा शे, ते तर सांग तिले!"

"नापास व्हयनू त्याना!" नाना म्हणाले. नापास झाल्याचे. "आयुष्यात पहिल्यांदा. आता माझ्या पोराला फोन करून सांगतो, की दहाच्या जागी नव्वद गुण हरवलेत."

त्यांनी खरंच फोन केला. पलीकडून मुलाच्या हसण्याचा आवाज आला. नानांनी फोन ठेवला आणि पुड्यातला एक पेढा स्वतः खाल्ला.

इथपर्यंत ही गोष्ट हसण्याचीच होती. त्या उन्हाळ्यात अक्का सकाळी ओट्यावर गवार निवडत बसली होती. शेजारणीशी बोलता बोलता मधेच थांबली. शेजारीण वाट बघत राहिली. अक्का थांबते हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मग तिच्या हातातली शेंग गळून पडली.

दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत चालता येत होतं, आणि बोलणं गेलं होतं. तिला सगळं समजत होतं. आम्ही काय बोलतो ते, कोण आलंय ते, कोणाच्या घरी काय झालंय ते. तिच्या डोळ्यांत उत्तर यायचं, ओठांपर्यंत यायचं आणि तिथे एक निराळाच आवाज होऊन बाहेर पडायचा. तो स्वतःलाच ऐकू आला की ती तोंड मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, सराव करून घ्या, रोज, न कंटाळता. शब्द परत येतील, सगळे नाही, पण येतील.

नाना क्लासला यायचे बंद झाले. मी भेटायला गेले तेव्हा ते अक्काच्या समोर खुर्ची टाकून बसले होते. चष्मा डोळ्यांवर होता.

"म्हण. पानी. पा-नी."

अक्काने प्रयत्न केला.

"नाही. असं नाही. नीट म्हण. पानी. परत."

अक्काने पुन्हा प्रयत्न केला. मग मान भिंतीकडे वळवली. नाना म्हणाले, "असं कंटाळून कसं चालेल? परत." तिने मान वळवलीच नाही.

दोन-तीन दिवसांनी ते माझ्याकडे आले. मुलं निघून गेली होती. ते सतरंजीवर बसले, पेटी समोर होती, पण तिला हात लावला नाही.

"मुलगा म्हणतो, दोघं पुण्याला चला. मी म्हटलं थांब थोडं. पण बाई, आता ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

मी समोरची पेटी बाजूला सरकवली.

"मी तिला तपासतोय," ते म्हणाले. "काल लक्षात आलं. ती एक शब्द काढते, आणि मी तो हातात घेऊन बघतो, बरोबर आहे का. नाही म्हणून बाजूला टाकतो. दिवसभर मी तिला नापासच करतोय."

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग उठून गेले.

पुढचं मला शेजारणीने सांगितलं आणि नंतर मी स्वतःही पाहिलं. दुसऱ्या दिवशी नानांनी खुर्ची बाजूला केली. अक्काच्या खाटेजवळ खाली बसले, सरावासाठी घेतलेली जुनी पेटी पुढे ओढली आणि रियाज सुरू केला. तिला काही म्हणायला सांगितलं नाही. स्वतःच गात बसले. कसं गात असतील ते तुम्हाला एव्हाना कळलंच आहे. सा सोडून त्यांनी सगळीकडे फिरून घेतलं. अक्का आधी छताकडे बघत होती. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. मग कपाळावर डावा हात मारला. नाना गातच राहिले.

"बस!" अक्का म्हणाली.

शब्द स्वच्छ होता. बाहेर झाडणाऱ्या शेजारणीला तो ऐकू गेला आणि ती खराटा हातात घेऊनच आत धावली.

नानांनी भाता थांबवला. त्यांचा चेहरा फुलला होता, पण ते शाबास म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "का वं? चुकनं का?"

"बस," अक्का पुन्हा म्हणाली, आणि हसायला लागली.

तेव्हापासून त्या घरात शिकवणारी अक्का आणि शिकणारे नाना असं सुरू झालं. ते कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ घेऊन तिच्यासमोर बसायचे. "माले येत नही. दखाड." मग ती डाव्या हाताने पाणी किती ते दाखवायची. नाना भाकरी थापायचे, ती भारताच्या नकाशासारखी व्हायची, आणि अक्काला राग यायचा. त्या रागाबरोबर शब्द सुटायचे. 'बस' नंतर 'नही' आला. मग 'जाड' आला. मग एक दिवस 'येडा' आला आणि तो ऐकायला आम्ही चार-पाच जणी मुद्दाम जाऊन बसलो. आम्ही लहान मुलांसारख्या टाळ्या वाजवल्या. अक्काने आम्हालाही 'येडा' म्हटलं.

मी एकदा नानांना विचारलं, "तिने बोलावं म्हणून तुम्ही मुद्दाम चुकत होतात ना?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "बाई, मुद्दाम चुकायला आधी बरोबर यावं लागतं."

अक्काचं पूर्वीचं बोलणं परत आलं नाही. ते वाहणं गेलंच. शब्द एकेक करून यायचे, मधे मोठ्या जागा सोडून. पण ती बाहेर पडू लागली. संध्याकाळी दोघं भाजीच्या गाडीपर्यंत जायची. एकदा मी तिथेच होते. अक्काने मेथीच्या जुडीवर हात ठेवला आणि भाव विचारायला तोंड उघडलं. शब्द येईना. भाजीवाला घाईत होता, तो नानांकडे बघू लागला. नाना दुसरीकडे तोंड करून उभे. रस्त्याच्या कडेच्या निंबाच्या झाडाकडे असे बघत होते, जणू ते झाड त्यांनी आजच पाहिलं. गाडीवर आणखी दोन गिऱ्हाइकं आली. नाना हलले नाहीत.

"क... कशी?" अक्का म्हणाली.

भाजीवाल्याने भाव सांगितला. अक्काने मान हलवली. "महाग."

घरी येताना मी म्हटलं, "नाना, तुम्ही पटकन विचारलं असतं तर तिची इतकी ओढाताण झाली नसती."

"मला भाव माहीत होता," ते म्हणाले. "पण भाव तिला करायचा होता."

माणूस मोठा होतो म्हणजे काय होतं, यावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. दरवर्षी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये होतातच. पण मला विचाराल तर मी त्या भाजीच्या गाडीजवळचे नाना सांगेन. ज्याचं तोंड आयुष्यभर चुका दाखवायला उघडलं, तो माणूस गर्दीत तोंड मिटून निंबाकडे बघत उभा आहे. तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल. तो काय करतो यापेक्षा काय करायचं टाळतो, ते बघा.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. सकाळी, काहीही दुखणं-खुपणं नसताना.

मी दारावर गेले. आमच्याकडे कोणाच्या घरी दुःख झालं की माणसं दारावर जातात, सतरंजीवर बसतात आणि घरचं कोणीतरी घडलेलं सांगतं. अंगणात पिंपळनेरची पाहुणे मंडळी होती, कॉलनीतली माणसं होती. शिंपी चाचा कोपऱ्यात टोपी काढून बसले होते. मुलगा पुण्याहून आला होता. तो सांगू लागला, "झोपेतच गेले. आईने चहा केला होता, आणि..."

अक्काने डावा हात वर केला. तिने आवाज केला नाही, नुसता हात. मुलगा थांबला.

"मी," अक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती सांगू लागली. एक शब्द, मग मोठी जागा, मग दुसरा शब्द. एका पाहुण्याने मदत म्हणून मधेच एक शब्द पुरवला, तर चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला. त्यानंतर कोणी बोललं नाही. रस्त्यावरून रिक्षा गेली, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि आम्ही बसून राहिलो.

नाना ओट्यावर उन्हात खाटेवर पडले होते. च्या मांगा, ती म्हणाली. चहा मागितला. तिने चहा केला. एकाच हाताने करायचा, म्हणून उशीर लागला. एकाच हाताने आणायचा, म्हणून दोन खेपा. पहिला कप आणला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"जपी... गयात," अक्का म्हणाली. झोपी गेले.

तिने उठवलं नाही. कप खाली ठेवला. आत जाऊन स्वतःचा आणला. त्यांच्या पायांशी, खाटेवर उन्हात बसली. आपला चहा प्यायली. थोडा वेळ गेला. त्यांचा चहा निवू लागला. गार चहा ते कधी प्यायचे नाहीत.

इथे अक्का थांबली. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मुलाला तो शब्द माहीत असणार, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि आईकडे बघत राहिला. अंगणातल्या कोणालाच घाई नव्हती.

"तो बी," अक्का म्हणाली, "मीच... पी लिधा."

आणि ती हसली. इतक्या हळू, की आधी आम्हाला ते कळलंच नाही.